कालव्याकाठचे पुणे : छायाचित्रांत पाणी आहे, माणसे कुठे आहेत?

१/
पावसाळ्यात उमरग्याहून सोलापूरच्या दिशेने निघालेला प्रवासी वाटेत नळदुर्गला थांबला, तर तो एक छायाचित्र नक्की घेतो. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत बांधलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि वरून कोसळणारे नर-मादी धबधबे. हजारो मोबाइलांत हे दृश्य साठवलेले आहे. किल्ल्याला लागून असलेले गाव मात्र त्या चौकटीत क्वचितच येते. पाण्याचे चित्र घेताना काठ सुटतो. ही सवय आजची नाही, दीडशे वर्षांची आहे. आजचा धागा त्या सुटलेल्या काठाविषयी.

२/
उमरगा आणि नळदुर्ग ज्या महामार्गावर आहेत, तो आजचा ६५ क्रमांकाचा (पूर्वीचा ९ क्रमांकाचा) राष्ट्रीय महामार्ग सोलापूर ओलांडून हडपसरमार्गे पुण्यात शिरतो. मराठवाड्यातल्या कित्येक कुटुंबांनी पुणे प्रथम पाहिले ते याच वाटेने. हडपसर ते स्वारगेट या पट्ट्यात, कधी जवळून तर कधी दुरून, एक कालवा या वाटेला सोबत करतो. त्याचे नाव मुठा उजवा कालवा. पुण्याचा इतिहास म्हटला की शनिवारवाडा आठवतो, पर्वती आठवते. या कालव्याकाठी वसलेल्या पुण्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

३/
पण प्रथम कालव्याच्या आधीचे पाणी पाहू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावांतून दगडी भुयारी नळाने शहरात पाणी आणले गेले. ते वाड्यांतल्या आणि पेठांतल्या हौदांत उतरत असे. त्याच काळात आंबील ओढ्याचा प्रवाह वळवण्यात आला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे तयार झाले. तळ्यातला गणपती त्या पाण्याच्या मध्यभागी होता. आज तेथे सारसबाग आहे. म्हणजे पर्वतीचा पायथा ही जागा कालव्याच्या शंभर वर्षे आधीपासूनच माणसाने घडवलेल्या पाण्याची होती. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

४/
आता कालवा. दख्खनच्या पूर्व भागात पाऊस बेभरवशाचा. त्यावर उपाय म्हणून १८६०च्या दशकात ब्रिटिश सरकारने सह्याद्रीलगत पाणी अडवून ते पूर्वेकडे नेण्याच्या योजनांची पाहणी करवली. लष्करी अभियंता कर्नल फाइफ याच्याकडे हे काम होते. त्यातून मुठा नदीवर खडकवासल्याचे दगडी धरण उभे राहिले. दशकाच्या अखेरीस सुरू झालेले काम १८७९ पर्यंत पूर्णत्वास आले. जलाशयाला 'लेक फाइफ' असे नाव देण्यात आले. पुढे १९०३च्या सुमारास अभियंता विश्वेश्वरय्या यांनी शोधलेले स्वयंचलित दरवाजे याच धरणाच्या सांडव्यावर बसले आणि धरणाची उंची न वाढवता अधिक पाणी साठवता येऊ लागले.

५/
धरणातून दोन कालवे निघाले. उजवा कालवा सुमारे ११२ किलोमीटरचा. तो पर्वतीच्या पायथ्याने, शहराच्या दक्षिण अंगाने हडपसरकडे आणि पुढे दौंड तालुक्यापर्यंत जात असे. डावा कालवा सुमारे २९ किलोमीटरचा. तो वारजे, कर्वेनगर, एरंडवणे या बाजूने खडकीच्या दिशेने गेला. एकाच धरणाची ही दोन पाती. त्यांपैकी एक आजही वाहते आहे, दुसरे कोरडे पडून नाहीसे झाले. या दोघांची तुलना हाच आजच्या विषयाचा कणा आहे.

६/
कालवा खणला कोणी? फाइफचे नाव जलाशयाला मिळाले. दगड फोडणारे वडार, माती उपसणारे मजूर, पाट्या वाहणाऱ्या बायका यांची नावे कोठे नाहीत. १८७६-७७ साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तलाव, कालवे आणि रस्ते यांची दुष्काळी कामे काढून लोकांना मजुरी देण्यात आली. दुष्काळाने गाव सोडायला लावलेला माणूस पाण्याच्या कामावर येतो, ही पुण्याच्या कालव्याची जन्मकथाच आहे. शंभर वर्षांनी ती वेगळ्या रूपात पुन्हा घडणार होती.

७/
या पाण्याकडे डोळसपणे पाहणारा एक पुणेकर म्हणजे जोतीराव फुले. सार्वजनिक बांधकामांची कंत्राटे घेणाऱ्या जोतीरावांचा खडकवासल्याच्या कामाशीही संबंध आला होता. मांजरी येथे जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर त्यांनी बागायत केली. १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये बंधारे आणि तलाव बांधण्याचा आग्रह आहे. पाटाच्या पाण्याची आकारणी आणि ते पोहोचवणारा कारभार यांवर कठोर टीकाही आहे. कालवा म्हणजे केवळ बांधकाम नव्हे, पाणी कोणाला, कधी आणि कोणत्या दराने मिळते हा व्यवहार आहे, हे त्यांनी त्या काळी मांडले.

८/
आता कॅमेऱ्याकडे वळू. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी जोडलेले आरंभीचे भारतीय. म्हणजे खडकवासल्याचे काम सुरू झाले तेव्हा छायाचित्रण आपल्याकडे दीड दशक रुळले होते. सरकारी बांधकामांची छायाचित्रे घेण्याची पद्धतही पडली होती. पूल, धरणे, रेल्वेचे घाट यांची चित्रे अहवालांत आणि अल्बमांत जात. त्या काळच्या काचपट्ट्यांना प्रकाश फार वेळ लागे. हलणारी माणसे पुसट होत किंवा मुळीच उमटत नसत.

९/
पण माणसे न दिसण्याचे कारण केवळ तंत्राचे नव्हते. बांधकामाच्या छायाचित्राचा नायक बांधकाम असे. त्यात एखादा माणूस उभा केलेला दिसलाच, तर तो बहुधा भिंतीची उंची कळावी म्हणून. तो मोजपट्टीच्या जागी उभा आहे, त्याचे नाव चित्राखाली नाही. म्हणून जुन्या काळातील धरणाचे किंवा कालव्याचे छायाचित्र हाती आले, तर पहिला प्रश्न हा विचारा: यात माणूस आहे का? असल्यास तो काम करतो आहे, पाणी भरतो आहे, की फक्त माप देतो आहे? दुसरा प्रश्न: कॅमेरा कोणत्या काठावर उभा आहे?

१०/
हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. भरावावर उभे राहून घेतलेल्या चित्रात सरळ रेषेत दूर जाणारे पाणी दिसते. देखणे असते, पण त्यावरून वस्ती कळत नाही. भरावाच्या खाली, घरांच्या अंगणातून घेतलेल्या चित्रात पाणी दिसतच नाही. दिसते ती डोक्याच्या वर असलेली मातीची भिंत. दोन्ही चित्रे एकाच जागेची आणि दोन्ही खरी. मात्र कालव्याकाठी राहणे म्हणजे काय, ते दुसऱ्या चित्रातच समजते. पाणी आपल्या छपराच्या पातळीवर वाहते आहे, ही जाणीव तिथे रोजची असते.

११/
आता १२ जुलै १९६१. बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा झेलताना खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. त्या दिवसांची कृष्णधवल छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील: बुडालेले पूल, चिखलात कोसळलेले वाडे. पण एक दृश्य त्यांत सहसा आढळत नाही, कोरड्या पडलेल्या कालव्याचे. धरणच गेल्यामुळे कालव्यात पाणी येईना. पुराच्या दुसऱ्या दिवशी शहर तहानेले होते. तेव्हा विहिरी आणि पेशवेकालीन कात्रजचे पाणी मदतीला आले.

१२/
या पुराने शहराचा नकाशा बदलला. नदीकाठच्या बेघर कुटुंबांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. खडकवासल्याचे धरण पुन्हा बांधले गेले. नव्या गरजेनुसार नवा मुठा उजवा कालवा झाला. त्याची लांबी सुमारे २०२ किलोमीटर, तो इंदापूर तालुक्यापर्यंत जातो. पूर्वी शहराच्या बाहेरून जाणारा कालवा आता शहराच्या पोटातून जाऊ लागला. कालव्याने आपली जागा फारशी सोडली नव्हती. शहरच त्याला ओलांडून दक्षिणेकडे पसरले होते.

१३/
आणि मग १९७२. महाराष्ट्रातील त्या भीषण दुष्काळाने सोलापूर आणि मराठवाड्याच्या पट्ट्यातून असंख्य कुटुंबांना पुण्या-मुंबईकडे लोटले. या धाग्याच्या आरंभी आलेली वाट हीच. बांधकामावर मजुरी मिळे, पण राहायला जागा परवडत नसे. मग डोंगरउतार, ओढ्याचे काठ आणि कालव्याचे भराव या सरकारी, पडीक समजल्या जाणाऱ्या जमिनींवर घरे उभी राहिली. पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहत ही पुण्यातील सर्वांत मोठ्या झोपडवस्त्यांपैकी एक. तिच्या पायथ्याशी कालवा, त्याखाली दांडेकर पुलाचा परिसर आणि आंबील ओढा.

१४/
दुष्काळातून आलेल्या माणसाने वाहत्या पाण्याच्या काठी घर बांधावे, हे विलक्षण आहे. पण ते पाणी त्याचे नव्हते. कालव्याचे पाणी पाटबंधारे खात्याचे. ते आवर्तन ठरले की सुटते, आवर्तन संपले की थांबते, आणि जाते ते हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतांकडे. काठावरच्या वस्तीला नळासाठी वेगळा झगडा करावा लागे. धुणे, जनावरे, पोरांचे पोहणे एवढाच तिचा त्या पाण्याशी अनधिकृत संबंध.

१५/
याच काळात एका वेगळ्या छायाचित्राचा जन्म झाला. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. १९७६ साली राज्य सरकारने मुंबईत झोपड्यांची गणना केली आणि नोंद झालेल्या कुटुंबांना 'फोटोपास' देण्यास सुरुवात झाली. पुढे ही पद्धत पुण्यासह इतर शहरांतही आली. ओळखपत्रावर कुटुंबाचे छायाचित्र, झोपडीचा क्रमांक आणि शिक्का. हे छायाचित्र घरात टांगण्यासाठी नव्हते. उद्या घर पाडायला कोणी आले तर दाखवण्यासाठी होते. कुटुंबाची सगळी सुरक्षितता त्या लहानशा चित्रात होती.

१६/
आता ही दोन चित्रे शेजारी ठेवा. एका बाजूला बांधकाम खात्याचे कालव्याचे छायाचित्र: पाणी आहे, भराव आहे, माणसे नाहीत. दुसऱ्या बाजूला फोटोपास: माणसे आहेत, पण जागा नाही, पाणी नाही, कालवा नाही. दोन्ही सरकारी दप्तरातील, दोन्ही अस्सल. वस्तीचा इतिहास या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. अमुक माणसे तमुक पाण्याच्या काठी, अशा घरात, या वर्षी राहत होती, हे सांगणारे चित्र शासनाला कधीच लागले नाही. म्हणून ते निघाले नाही.

१७/
त्या रिकाम्या जागेची किंमत २७ सप्टेंबर २०१८ रोजी कळली. जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा दांडेकर पूल परिसरातील घरांत पाणी घुसले. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला, असे तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी सांगितले आणि ते विधान गाजले. त्याच्या चर्चेत मूळ गोष्ट मागे पडली. ज्या घरांत पाणी शिरले त्यांचे संसार गेले आणि त्याबरोबर कागदपत्रेही भिजली. आपण येथे राहत होतो हे सिद्ध करण्याचे साधनच कालव्याने नेले. शासनाच्या नियमांत तर अमुक तारखेपूर्वीचे वास्तव्य सिद्ध करणाऱ्यालाच संरक्षण मिळते.

१८/
त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजकडून आलेल्या पावसाच्या लोंढ्याने आंबील ओढ्याला पूर आला. टांगेवाला कॉलनी आणि सहकारनगरच्या परिसरासह शहरात अनेकांचे प्राण गेले. अठराव्या शतकात वळवलेला ओढा, एकोणिसाव्या शतकातला कालवा आणि विसाव्या शतकातली वस्ती यांची गाठ याच परिसरात पडते. ओढ्याचे पात्र पूर्वी किती रुंद होते, भराव कोठे खचत होता, भिंत कधी बांधली गेली, या प्रश्नांची उत्तरे नकाशात अपुरी मिळतात. जुन्या, तारीख असलेल्या छायाचित्रांत ती मिळू शकतात.

१९/
आता दुसऱ्या पात्याकडे, डाव्या कालव्याकडे या. तो केव्हाच निकामी झाला. त्याच्या मार्गावर रस्ते झाले, बांधकामे झाली. कर्वेनगरात किंवा मॉडेल कॉलनीत 'कॅनॉल रोड' अशी पाटी आजही दिसते. तेथून रोज जाणाऱ्या तरुणाला विचारा, कॅनॉल कोठे आहे? तो गोंधळतो. पाणी गेले, भराव गेला, मोऱ्या गेल्या, नाव तेवढे उरले. एका माणसाच्या आयुष्यात बसेल एवढ्या काळात मैलोगणती लांबीचे दृश्य असे पुसले जाते.

२०/
उजव्या कालव्याच्या बाबतीतही हे घडू शकते. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी भूमिगत बोगद्यातून नेण्याची योजना राज्य सरकारने पुढे आणली आहे. गळती, बाष्पीभवन आणि पाणीचोरी थांबावी हा तिचा हेतू. हेतू रास्त आहे, पाण्याची बचत होईल. पण त्यानंतर शहरातील कालवा कोरडा पडेल आणि शहराच्या मध्यातून जाणारी ती लांबच लांब जमीन एकाएकी मोलाची होईल. तेथे रस्ता होईल, उद्यान होईल की आणखी काही, हे ठरेल तेव्हा एक प्रश्न नक्की उठेल: या काठावर कोण, किती वर्षांपासून राहत होते?

२१/
जगात इतरत्रही हे घडले आहे. एकोणिसाव्या शतकात हाउसमनने जुने पॅरिस पाडून रुंद रस्ते काढले, तेव्हा नगरपालिकेने शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराला पाडल्या जाणाऱ्या गल्ल्यांची चित्रे घेण्यास नेमले. त्याने बिएव्र नावाच्या छोट्या नदीचा काठही टिपला. त्या काठी चामडे कमावणारे आणि कापड रंगवणारे कारागीर होते. १९१२ पर्यंत ती नदी पॅरिसमध्ये पूर्ण झाकली गेली. आज बिएव्रकाठची वस्ती कशी होती हे कळते ते बऱ्याच अंशी त्या चित्रांमुळे. बदल घडवणाऱ्या शासनानेच बदलाआधीचा पुरावा जपला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

२२/
दुसरे उदाहरण अमेरिकेचे. १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पश्चिम अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकातील भूसर्वेक्षणाची छायाचित्रे घेतली आणि नेमक्या त्याच जागी, त्याच कोनातून, शक्य तेथे त्याच ऋतूत आणि त्याच वेळी पुन्हा चित्रे काढली. दोन चित्रे शेजारी ठेवली की मधली शंभर वर्षे बोलू लागतात. याला पुनर्छायाचित्रण म्हणता येईल. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. लागते ती एक निश्चित जागा आणि परत येण्याची चिकाटी.

२३/
कालव्याकाठी हे कसे करावे? जी गोष्ट सहज हलत नाही तिच्यापाशी उभे राहा: पूल, मोरी, पाण्याचे दार, पर्वतीची टेकडी. दर वेळी तीच चौकट घ्या. एक चित्र भरावावरून, एक खालच्या गल्लीतून. तारीख, वेळ, दिशा आणि कालव्यात पाणी आहे की नाही, याची नोंद करा. पाण्याची पातळी हे एक घड्याळच असते. त्यावरून आवर्तन चालू होते की बंद, हे कळते. कालव्याला अस्तरीकरण झाले आहे की मातीचा काठ उघडा आहे, यावरूनही जुन्या चित्राचा काळ ठरवता येतो. व्हॉट्सॲपवरून चित्र पाठवताना त्यातली मूळ माहिती बहुधा गळून पडते, म्हणून मूळ प्रत वेगळी जपा.

२४/
एक मर्यादा पाळा. कालव्याकाठचे धुणे-भांडी हे कोणाचे तरी घरकाम आहे, तुमच्यासाठी मांडलेला देखावा नाही. विचारल्याशिवाय माणसाचे चित्र घेऊ नका. विचारले की बहुधा दोन गोष्टी होतात: माणूस आपले नाव सांगतो, आणि आत जाऊन जुना फोटो घेऊन येतो. तो फोटो तुमच्या चित्रापेक्षा मोलाचा असतो. तो बहुतेक वेळा स्टुडिओत काढलेला असतो आणि मागच्या पडद्यावर रंगवलेले तळे, डोंगर, होडी असते. कालव्याकाठी राहणाऱ्या कुटुंबाच्या फोटोत पाणी आहे, पण रंगवलेले. खरे पाणी चित्रात घ्यावे असे तेव्हा कोणालाच वाटले नव्हते.

२५/
कालव्याच्या खालच्या टोकाचाही विचार करा. या पाण्यावर हडपसर, मांजरी, लोणीच्या शेतांत ऊस आणि भाजीपाला पिकला. हडपसरच्या मगर कुटुंबांसह शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सुमारे ४०० एकर शेतजमिनीवर मगरपट्टा सिटी उभारली. आज तेथे संगणक कंपन्यांच्या इमारती आहेत. तेथे जमीन नावावर होती, म्हणून बदलात वाटा मिळाला. वरच्या बाजूला, पर्वतीच्या पायथ्याशी, जमीन नावावर नव्हती. पाणी एकच. सात-बारा असणे आणि फोटोपास असणे यांतला फरक दोन काठांच्या दोन नशिबांत दिसतो.

२६/
शेवटी पुन्हा आपल्या भागाकडे. उमरगा, लोहारा, तुळजापूर या पट्ट्यातील अनेक घरांत ७२ साली पुण्याला गेलेल्या काका-मावशीचा एखादा फोटो असेल. पेटीतून तो काढा. घरातल्या जाणत्या माणसाला विचारा: हा कोठला, कोणत्या सालचा, मागे दिसते ते काय? मिळालेले उत्तर मऊ शिसपेन्सिलीने फोटोच्या पाठीवर लिहा. नाव, गाव, साल, जागा. या चार शब्दांनी तो फोटो पुरावा होतो. फाइफच्या जलाशयाचे नाव दप्तरात आहेच. त्या पाण्याच्या काठी राहिलेल्यांची नावे लिहिण्याचे काम आपल्याकडे राहिले आहे, आणि ती सांगणारी माणसे अजून आहेत तोवरच ते करता येईल.